मी कोण? – वीस उत्तरे

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ ह्या चार शब्दांपुढे तुमच्याआमच्यासारख्यांचे काही चालत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालता येतो, शेजाऱ्याशी तर येतोच येतो, फार काय, डॉक्टरांशीही दबल्या आवाजात घालता येतो. परंतु ‘माणूस गर्दीत असा वागतो’, ‘मुलाला अमुक वयात अमुक आलेच पाहिजे’, ‘माणसाला स्वतःविषयी असे असे वाटत असते’ असे कोणी शास्त्राच्या आधाराने सांगितले, की आपण चष्मा पुसतो आणि गप्प बसतो. मी तीसएक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. शास्त्राचा मान राखावा हेच मुलांना सांगितले, आणि आजही तेच सांगेन. पण अलीकडे मला एक खोड लागली आहे. असे एखादे वाक्य वाचले, की मी हळूच विचारते, हा जो ‘माणूस’ म्हणता, तो राहतो कुठे?

ही खोड मला हेंद्रेपाड्यात लागली.

हेंद्रेपाडा म्हणजे बदलापूर पश्चिम. पूर्वी घाटाकडे जाणारे लोक इथे घोडे बदलत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले असे सांगतात. खरेखोटे उल्हास नदीला ठाऊक. आता घोडे गेले; बदलायची ती गाडी, तीही सुटली तर! नावात ‘पाडा’ राहिला आहे, पण जिकडे पाहावे तिकडे इमारती. त्या इमारतींत गिरगाव, परळ, दादर सोडून आलेली आमच्यासारखी बिऱ्हाडे आहेत. त्यांच्या मधेमधे ह्या जमिनी ज्यांच्या होत्या त्या जुन्या घरांतली माणसे आहेत. देशावरची आहेत, कोकणातली आहेत, उत्तरेकडून आलेली आहेत. सकाळच्या लोकलने मुंबईकडे निघाले की पुढच्याच स्टेशनावर अकराव्या शतकातल्या शिवमंदिराचे अंबरनाथ, आणि त्याच्या पुढे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी उभे केलेले उल्हासनगर. तीन स्टेशनांत इतक्या परींची माणसे एका डब्यात चढतात, की ‘सर्वसाधारण माणूस’ शोधायला निघालेल्याने डब्याच्या दारातच हात टेकावे.

तर ह्या हेंद्रेपाड्यात माझी भाची एका रविवारी कागदांचा गठ्ठा घेऊन अवतरली. ती मुंबईच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकते.

“मावशी, मला चाळीस माणसे हवीत,” ती दारातूनच म्हणाली.

“जेवायला?” मी घाबरून विचारले.

“नाही गं, प्रयोगाला!”

प्रयोग तसा सोपा होता. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या मॅनफर्ड कून आणि टॉमस मॅकपार्टलंड ह्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९५४ साली तो प्रसिद्ध केला. कागदावर वीस आकडे घातलेल्या वीस कोऱ्या ओळी, आणि वर एकच प्रश्न, ‘मी कोण?’ बारा मिनिटांत, सुचेल तसे, स्वतःला उद्देशून वीस उत्तरे लिहायची. मग अभ्यासकाने ती पाहून ठरवायचे, की हा मनुष्य स्वतःला स्वभावाने ओळखतो की नात्यागोत्याने आणि समाजातल्या जागेने. भाचीने प्रश्नाचे मराठी केले होते, कागद छापून आणले होते. वर्गातल्या इतरांनी आपापल्या मैत्रिणींकडून ते भरून घेतले आणि त्या मोकळ्या झाल्या. हिच्या मनात मात्र ‘खरी माणसे’ घ्यायचे आले. खऱ्या माणसांशी गाठ पडली की काय होते ते तिला त्या दिवशी कळले.

आमच्याच मजल्यावरचा संगणकाच्या नोकरीतला तरुण सात मिनिटांत मोकळा झाला. मी महत्त्वाकांक्षी आहे, मी स्पष्टवक्ता आहे, मी थोडा आळशी आहे, मला डोंगर चढायला आवडते – वीसच्या वीस ओळी भरल्या, वर पाठीमागे लिहू का म्हणून विचारले. त्याच्या आईने ‘ह्याची आई’पासून सुरुवात केली. पत्नी, सून, वहिनी, काकू, आत्या असे करत ती नवव्या ओळीपर्यंत आली आणि पेन खाली ठेवून म्हणाली, “वीस? एवढी मी आहे कुठे?” ती हे हसत म्हणाली, पण आम्हां दोघींना हसू आले नाही.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ नेमाने भजनाला जातात. त्यांनी प्रश्न वाचताच हात जोडले. “अहो, रमण महर्षी जन्मभर हाच प्रश्न विचारायला सांगत होते. ह्याचे उत्तर मला ठाऊक असते तर मी बदलापुरात कशाला राहिलो असतो?” त्यांचा कागद कोराच परत आला. रस्त्यापलीकडच्या जुन्या घरातल्या आजोबांनी मला लिहून घ्यायला सांगितले. स्वतःचे नाव, वडलांचे नाव, गाव, कोणत्या घरातला – चार ओळी झाल्या आणि ते थांबले. “बाकीचा गावाला विचारा,” म्हणाले. वाण्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि हा पुढे कुठे जाणार, ह्यावर कोणाचा शिक्का बसणार, असे विचारून घेतले. मग ‘मी प्रामाणिक दुकानदार आहे’ असे लिहून त्याने सही ठोकली. आणि आमची भाजीवाली म्हणाली, “बाई, वीस कशाला? एकच लिवा, भाजीवाली. बाकीचं घरी गेल्यावर.”

संध्याकाळी भाची कागद पसरून बसली. अर्ध्यांना वीस ओळी म्हणजे परीक्षा वाटली होती, काहींना सरकारी चौकशी, एकाला अध्यात्म. मी सोबत होते म्हणून शेजारणी जरा नटूनथटून बोलल्या होत्या. बाईंसमोर ‘मी तापट आहे’ कोण लिहील? प्रश्न एकच, पण प्रत्येक दारात तो निराळा होऊन बसला होता.

“पुस्तकात असे काहीच होत नाही, मावशी,” ती रडवेली होऊन म्हणाली.

पुस्तकात असे का होत नाही, ह्याचे उत्तर तिनेच मला पुढच्या रविवारी आणून दाखवले. जेफ्री आर्नेट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००८ साली एक हिशेब मांडला. २००३ ते २००७ ह्या काळातली अमेरिकेची सहा प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिके घेऊन, त्यांतले प्रयोग कोणावर झाले ते त्याने मोजले. ६८ टक्के माणसे एकट्या अमेरिकेतली निघाली. युरोप वगैरे धरून पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली माणसे ९६ टक्के! आणि ह्या देशांत जगाची वस्ती किती, तर १२ टक्क्यांच्या आसपास. तीतही पुष्कळशी माणसे म्हणजे महाविद्यालयात मानसशास्त्राच्याच वर्गात बसलेली पोरे. प्राध्यापकांना ती हाताशी सापडतात, हे साधे कारण. माझ्या भाचीच्या मैत्रिणींनी केले तेच थोरामोठ्यांनी केले होते म्हणायचे!

पुढे २०१० साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेनझायन ह्या तिघांनी ह्या माणसाला नाव दिले, ‘विअर्ड’. पाश्चात्त्य, शिकलेला, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही समाजातला, ह्या पाच विशेषणांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द; आणि इंग्रजीत त्याचा अर्थ विचित्र! त्यांचे म्हणणे असे, की ज्याला आपण माणसाचा नमुना समजत आलो, तो कित्येक बाबतींत सगळ्या मानवजातीच्या एका टोकाला उभा आहे. त्याच्यावरून सर्वांविषयी बोलणे म्हणजे हापूस चाखून ‘फळे गोड असतात’ असे सांगण्यासारखे आहे. चिंचेने आणि आवळ्याने मग कुठे जावे?

हे मी खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सांगितले तेव्हा त्यांना परमानंद झाला. “मी म्हणतच होतो! ते लोक व्यक्तिवादी, आपण कुटुंबवत्सल. त्यांचे शास्त्र त्यांना, आपले आपल्याला.” हा आनंद पुष्कळांना होतो, पण तो टिकणारा नाही. कारण त्यांच्या माणसाच्या जागी ‘भारतीय माणूस’ नावाचा दुसरा तितकाच बिनपत्त्याचा माणूस आपण आणून बसवतो. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या चाळीस कागदांत त्या तरुणाची उत्तरे आयोवातल्या विद्यार्थ्याशेजारी खुशाल बसली असती. त्याच्या आईची बसली नसती. एकच घर, एकच आडनाव, एकाच कुकरचा भात!

असेच आफ्रिकेतही दिसले आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच ‘मी कोण?’चा प्रश्न केनियात विचारला गेला. मासाई आणि सांबुरू ह्या पशुपालक लोकांच्या उत्तरांत नात्यागोत्याची आणि समाजातल्या स्थानाची उत्तरे ८० टक्क्यांच्या घरात होती. नैरोबीतल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची तशी उत्तरे मात्र अगदी थोडी; ते अमेरिकन विद्यार्थ्यांच्या जवळपास जाऊन पोचले. नैरोबीत काम करणारे लोक दोहोंच्या मध्ये कुठेतरी. देश एक, पण शाळा, शहर आणि रोजगार निराळे, की ‘मी’सुद्धा निराळा. तेव्हा दूरच्या माणसावरून आपल्याला मापणे जितके चूक, तितकेच आपल्यातल्या एकावरून साऱ्या मुलखाला मापणेही चूक.

आता तुम्ही म्हणाल, बाई, कागदांची ही गंमत ठीक आहे; कोणी वीस ओळी लिहिल्या काय आणि कोणी चार, बिघडते कुठे? बिघडते ते सांगते.

ज्या भाजीवालीने ‘एकच लिवा’ म्हटले होते, तिला नऊ वर्षांची मुलगी आहे. जवळच्याच एका शाळेत जाते. शाळेत बाहेरून कोणी माणसे आली, त्यांनी मुलांची बुद्धिमापनाची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या घरी एकेक कागद पाठवला. तो कागद इंग्रजीत. चार दिवस गल्ल्याच्या डब्यात ठेवून पाचव्या दिवशी तिने तो माझ्यापुढे धरला. “बाई, काय लिवलंय बघा बरं.”

मुलीची बुद्धी वयाच्या मानाने कमी आहे, असे त्यात लिहिले होते. मी शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितले. पण अशा गोष्टी मऊ शब्दांत मावत नाहीत. तिने कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडले आणि म्हणाली, “मग फी कशाला भरू? डोकंच कमी, तर बसंल माझ्यासंगं पाटीवर. शिकलेल्या लोकांनी लिवलंय म्हंजी खोटं कशाला असंल?”

शास्त्राने कोणाला काय म्हटले ह्यावर एका पोरीची शाळा सुटायची वेळ आली होती. आणि गंमत अशी, की ही ‘कमी बुद्धीची’ पोर आई जेवायला गेली म्हणजे पाटी एकटी सांभाळते. पावशेर, अर्धा किलो, दीड किलो, पाचशेच्या नोटेचे सुटे – आमच्या इमारतीतल्या कोणालाही तिने आजवर एक रुपया चुकून जास्त दिलेला नाही.

भाचीने तिला जवळ बसवून चाचणीत काय काय विचारले ते आठवायला सांगितले. एक प्रश्न तिला नेमका आठवत होता. चार चित्रे होती – कांदा, बटाटा, टोमॅटो आणि तराजू. त्यांतले न जुळणारे कोणते? तिने टोमॅटोवर फुली मारली होती.

“अगं, टोमॅटो का?”

“तो उद्यापर्यंत टिकत नाय. बाकीचं रात्री गोणपाटाखाली झाकून ठेवता येतं.”

चाचणीच्या हिशेबात हे उत्तर चूक. तराजू ही भाजी नव्हे, हे तिला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? पण वस्तू कशासाठी निवडायच्या हे तिच्या जगात रात्रीच्या आवराआवरीने ठरलेले आहे, पाठ्यपुस्तकाने नव्हे.

हे ऐकून भाचीला वर्गात सांगितलेली एक हकीकत आठवली. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात मायकेल कोल, जोसेफ ग्लिक आणि त्यांचे सहकारी केपेले जमातीच्या लोकांचा अभ्यास करत होते. त्यांचा ग्रंथ १९७१ साली निघाला. त्यांनी लोकांपुढे खाण्याच्या वस्तू, हत्यारे, भांडी, कपडे असे सारे मिसळून ठेवले आणि जुळणाऱ्या वस्तू एकत्र लावायला सांगितले. लोकांनी बटाट्याशेजारी कुदळ ठेवली, संत्र्याशेजारी सुरी. शहाणा माणूस असेच लावील, असे त्यांचे म्हणणे. शेवटी अभ्यासकांनी टेकीला येऊन विचारले, “बरे, मग मूर्ख माणूस कसे लावील?” त्याबरोबर चार नीटनेटके ढीग झाले – खाणे एकीकडे, हत्यारे एकीकडे, भांडी एकीकडे, कपडे एकीकडे! परीक्षकाला हवे होते ते उत्तर त्यांच्याजवळ होतेच. फक्त त्याला ते शहाणपण म्हणत नव्हते.

आणि हे आपल्याकडच्या लोकांच्या ध्यानात आले नव्हते असेही नाही. पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ ह्यांनी १९०५ साली शाळेतल्या मुलांसाठी पहिली बुद्धिमापन चाचणी केली. १९१६ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला लुइस टर्मन ह्यांनी तिची नवी आवृत्ती सिद्ध केली. ती जशीच्या तशी मराठी आणि कानडी मुलांना लावून चालणार नाही, हे ओळखून व्ही. व्ही. कामत ह्यांनी त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या मुलांसाठी तिची स्वतंत्र सुधारणा तयार केली. हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली निघाले. अशा कामात नुसते भाषांतर पुरत नाही. चित्र ओळखीचे हवे, नाणे ओळखीचे हवे, शब्द घरातला हवा. आणि कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला साधारणपणे येतो, हे इथल्याच पुष्कळ मुलांना विचारून नव्याने ठरवावे लागते. कुडता परक्या माणसाच्या मापाचा शिवायचा आणि तो बसत नाही म्हणून आपल्या पोराचे खांदे वाकडे ठरवायचे, असे करू नये, एवढाच त्यातला अर्थ. आठ दशकांपूर्वी जे उमगले होते, ते आमच्या पोरीच्या कागदापर्यंत पोचले नाही.

पण इथे मला वाचकांना दुसऱ्याही बाजूने सावध करायचे आहे. असे काही ऐकले की आपले मन विरघळते आणि आपण म्हणतो, अहो, ही मुले मुळातच हुशार. त्यांना शाळेची गरजच काय? २०२५ साली ‘नेचर’ ह्या शास्त्रीय साप्ताहिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांचे लोक कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत गिऱ्हाईक म्हणून गेले आणि विकायला बसलेल्या मुलांकडून मुद्दाम आडमाप भाजी घेतली. समजा, वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे घेतले, तर दोनशेच्या नोटेतले परत किती? एकशे त्रेसष्ट! मुले असले हिशेब तोंडी आणि बहुधा अचूक करत. पण त्याच मुलांना शाळेच्या पद्धतीने मांडलेले, ह्याहून सोपे गणित दिले, की ती अडखळत. आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची तऱ्हा उलटी: त्यांना वहीतले येई आणि बाजारातले येत नसे.

ह्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. पाटीवरची हुशारी आपोआप वहीत उतरत नाही, आणि वहीतली पाटीवर. तेव्हा ‘ही मंद’ हा निकाल खोटा, तसा ‘हिला सगळे येतेच’ हाही खोटा. दोहोंच्या मध्ये पूल बांधावा लागतो, आणि तो बांधणे हे शिक्षकाचे काम आहे. ते काम टाळण्याची सोय त्या कागदानेही होते आणि आपल्या कौतुकानेही.

आम्ही दोघी भाजीवालीला घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी ऐकून घेतले. पुढे एका जाणत्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलीला मराठीत, सावकाश, दोन बैठकांत तपासले. फार मोठे गुपित बाहेर आले असे नाही. मुलगी वयाला साजेशी निघाली; वाचनात मात्र दीडएक वर्ष मागे, कारण शिकवण्याची भाषा तिच्या घरात कोणी बोलत नाही. म्हणजे पहिल्या कागदाने ठेच लागली होती ती जागा दाखवली होती, पण दुखणे चुकीचे सांगितले होते. आता ती संध्याकाळी तासभर माझ्याकडे येते. आम्ही पाटीवरचेच हिशेब वहीत मांडतो. कधी साधते, कधी जांभया येतात. फी भरली गेली आहे – ह्या वर्षाची तरी. पुढचे तिच्या आईने अजून मला सांगितलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.

भाचीचा निबंधही लिहून झाला. ‘भारतीय माणसाची स्वप्रतिमा’ असे भारदस्त नाव तिच्या मैत्रिणींनी सुचवले होते. तिने लिहिले, ‘हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम येथील चाळीस व्यक्तींची उत्तरे’, आणि खाली जोडले, की प्रश्न विचारताना ओळखीच्या एक शिक्षिका सोबत होत्या. नाव ऐकायला किरकोळ झाले खरे. पण त्यात लिहिले आहे त्यातले अक्षर न् अक्षर खरे आहे, एवढे मी सांगू शकते.

दिवाळीला तुमचेही घर भरलेले असेल. फराळ झाला, पोरांचे फटाके संपले, की एकेकाच्या हाती एक कागद द्या. वीस ओळी, बारा मिनिटे, ‘मी कोण?’ आजींनाही द्या, जावयालाही द्या, भांडी घासायला येणाऱ्या बाईंना चहा देऊन त्यांनाही विचारा. मग ते कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि ‘मराठी माणूस असाच असतो’ हे वाक्य त्यानंतर तुमच्याने पूर्ण होते का, ते पाहा.